भैरूअप्पांची प्यादेमात

रविवार, दिनांक १६ डिसेंबर १९७३ रोजी, दुपारी तीन वाजता, कसबे बोरगाव येथील वाचनालयाच्या सभागृहात, तालुका बुद्धिबळ मंडळाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त बुद्धिबळाचे एक कोडे जाहीररीत्या सोडवण्यास ठेवण्यात आले. स्थळकाळाची नोंद इतक्या काटेकोरपणे करण्याचे कारण असे, की पुढे या प्रसंगाच्या दोन-तीन हकिकती गावात फिरल्या आणि त्यांतील एकही खरी नव्हती.

सभागृहात दीडएकशे माणसे असतील. व्यासपीठावर पुरुषभर उंचीचा लाकडी पट उभा केला होता. प्रत्येक घराला एक खिळा, आणि खिळ्यांना पुठ्ठ्याची मोहरी टांगलेली. तिसऱ्या रांगेत मी बसलो होतो आणि माझ्या शेजारी भैरूअप्पा दोडमिसे. अप्पा विणकर, वय एकाहत्तर. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू उतरलेला, त्यामुळे हातभर अंतरापलीकडचे त्यांना केवळ आकारापुरते दिसे. नवव्या वर्षापासून मी त्यांच्या मागाशेजारी बसून हा खेळ शिकलो होतो, आणि आता चोविसाव्या वर्षी गावच्या हायस्कुलात मराठी शिकवत होतो.

"पट लागला का रं, पदू?"

"लागला, अप्पा."

"आपलाच?"

मी मोहरी ओळीओळीने ताडून पाहिली. "आपलाच."

अप्पांनी टोपी काढली, गुडघ्यावर झटकली आणि पुन्हा डोक्यावर बसवली. "वर नाव लिवलं असंल. वाच की. भैरू लिवलंय का भैरवनाथ?"

मी वाचले नाही. पटाच्या माथ्यावर पांढऱ्या कागदाची लांब पट्टी होती, आणि तीवर ठळक अक्षरांत लिहिले होते : 'पांढऱ्याने खेळून पाचव्या खेळीत मात. रचनाकार : ॲड. गोविंद रामचंद्र सबनीस, अध्यक्ष.'

"वाच की रं."

"अप्पा, वर सबनीस वकिलांचं नाव आहे."

"अध्यक्ष म्हणून असंल."

"रचनाकार म्हणून आहे."

अप्पांचे ओठ थोडे हलले. मागावर बसून मनातल्या मनात खेळी मोजताना हलत, तसे.

हे कोडे रचायला त्यांना अकरा वर्षे लागली होती. हात धोटा फेकत आणि डोके पट मांडत असे. त्यांनी रचलेली इतर कोडी त्यांनी स्वतःच मोडीत काढली होती. हे एकच त्यांना पसंत होते. "डोळं ऱ्हात न्हाईत आता," ते दिवाळीत म्हणाले होते, "दुसरं काय हुयाचं न्हाई. ह्येवढं एक नावानं छापून येऊ दे." मंडळाने महोत्सवी स्मरणिकेसाठी नवी कोडी मागवली होती. निवडीत पक्षपात होऊ नये म्हणून कोड्याच्या कागदावर रचनाकाराचे नाव नसावे, ते वेगळ्या चिठ्ठीवर द्यावे, असा नियम होता. अप्पांना लिहिता येत नव्हते. कागद मी केला, चिठ्ठी मी लिहिली, आणि दोन्ही एका पाकिटात घालून मीच सबनिसांच्या हातात नेऊन दिली. मी नियम अक्षरशः पाळला. सबनिसांनी त्याचा उपयोग केला. कागद ठेवला आणि चिठ्ठी टाकली.

"मी आत्ता उठतो," मी म्हणालो.

"बस खाली." अप्पांनी माझे मनगट धरले. त्या हातात एकाहत्तराव्या वर्षीही जोर होता. "त्यो पुण्याचा पाव्हणा आलाय न्हवं परीक्षक म्हणून? त्याला बाजूला घे, अन् शांतपणानं सांग. कोडं भैरूचं हाय, मला ठावं हाय, म्हणावं. सुरू व्हायच्या आत जा."

"बाजूला कशाला? चोरी उघड्यावर केली आहे. न्यायही उघड्यावरच व्हायला हवा."

"न्यायाचं मागनं बघू. आदी नाव माग."

अप्पांचे म्हणणे मी ऐकले, पण मानले नाही. कारण तेवढ्यात सबनीस बोलायला उभे राहिले होते. वकिलांचा आवाज गोड, कोट करडा, आणि बोलण्याची रीत अशी, की साक्षीदारही त्यांचाच आणि न्यायाधीशही त्यांचाच.

"मंडळी, हे कोडं सुचलं ते मोठं गमतीनं," ते म्हणाले. "पहाटे पूजेला बसलो होतो. समोर देव, हातात फूल, आणि एकाएकी हा पट डोळ्यांपुढे उभा राहिला! मी सौभाग्यवतींना म्हटलं, कागद आणा, देवानंच प्रसाद दिलाय."

लोक हसले, काहींनी टाळ्या वाजवल्या. अकरा वर्षांचा धोटा यांच्या एका फुलात मावला होता.

परीक्षक म्हणून आलेले चिंतामणराव ओगले हे साठीचे, हाडकुळे, मितभाषी गृहस्थ होते. त्यांनी नियम सांगितला : ज्याला उत्तर सापडेल त्याने वर येऊन ते पटावर खेळून दाखवावे, काळ्याची मोहरी स्वतः रचनाकार हलवतील. वेळ वीस मिनिटे.

तेव्हा मी ती पट्टी पुन्हा वाचली, आणि या वेळी तीत काय नाही ते मला दिसले. 'पाचव्या खेळीत मात.' 'प्यादेमात' हा शब्दच नव्हता.

येथे थोडा खुलासा करणे भाग आहे. आमच्याकडच्या जुन्या खेळाडूंत मात द्यायची ती प्याद्याने, हा मानाचा प्रघात होता. वजिराने किंवा हत्तीने दिलेली मात अप्पा मोजतच नसत. "वजिरानं काय, कुनीबी मारंल," ते म्हणत. त्यांच्या कोड्यात पांढरा आपली मोठी मोहरी एकामागून एक बळी देतो, काळ्याच्या राजाला शहावर शह देत त्याच्या घराबाहेर ओढतो आणि पाचव्या खेळीला एक क्षुद्र प्यादे एक घर पुढे सरकून त्याला मात करते. सारे सौंदर्य त्या प्याद्यात होते. ज्याला हे ठाऊक नव्हते, त्याने प्यादेमातीचे कोडे चोरले होते आणि चोरताना प्यादे गाळले होते! मला त्या अज्ञानाची चोरीपेक्षाही अधिक चीड आली. सबनिसांना पट मांडता येत असे. खेळता येत होता असे म्हणण्यास पुरावा नाही.

आणि मग मला एक विचार सुचला. प्याद्याची अट वगळली, तर याच पटावर कोणत्याही मोहऱ्याने मात चालेल. पाचहून कमी खेळींत ती देता आली, तर वकिलांचे हे दैवी कोडे भर सभेत फुटेल. नियमच तसा आहे : ठरल्यापेक्षा लवकर मात होत असेल, तर कोडे सदोष.

क्रोधाने बुद्धी मंदावते, असे सांगितले जाते. मला तसा अनुभव नाही. त्या वीस मिनिटांत माझी बुद्धी जितकी लख्ख चालली, तितकी त्यापूर्वी किंवा नंतर क्वचितच चालली असेल.

काळ्याचा राजा उजव्या कोपऱ्यापासून एक घर अलीकडे होता. त्याच्या शेजारी त्याचाच हत्ती, पुढे त्याचीच तीन न हललेली प्यादी. वरवर पाहता पक्का कोट, पण कोटाला दार एकच. त्यांतल्या कडेच्या प्याद्यासमोर, त्याच उभ्या ओळीत, पांढऱ्याचा वजीर उभा होता. पांढरा घोडा पटाच्या मध्यावर, पांढरा हत्ती तिसऱ्या आडव्या ओळीत मोकळा. काळ्याचा वजीर दूर डावीकडे प्यादी खाण्यात गुंतलेला.

मी प्रथम वजिराने ते कडेचे प्यादे मारून पाहिले. राजाला वजीर खावाच लागतो. मग हत्ती कडेच्या ओळीत येऊन शह देतो. राजा मागे फिरला, तर घोड्याच्या शहाने मरतो. पण तो मागे का फिरेल? तिरका पुढे एक घर आहे. तेथून तो निसटतो आणि माझा वजीर फुकट जातो. मी पुन्हा आरंभाकडे आलो. ते घर आधी बंद करायला हवे. कोण बंद करील? घोडा. घोड्याने आधीच उडी घेऊन शह दिला, तर? राजाला कोपऱ्याखेरीज घर नाही; तो कोपऱ्यात जातो. घोडा जेथे बसला, तेथे त्याला मारणारे कोणी नाही, आणि तेथून तो राजाची दोन घरे धरून आहे : मागचे आणि ते निसटण्याचे. आता वजीर प्यादे मारतो. राजा खातो. हत्ती कडेच्या ओळीत येतो. मागे घोडा, तिरके पुढे घोडा, उभ्या ओळीत हत्ती, शेजारी स्वतःचेच प्यादे. मध्ये आड घालायला काळ्याचे एकही मोहरे पोहोचत नाही. मी प्रत्येक घर तीनदा मोजले.

तीन खेळी. मी उठलो.

"पदू," अप्पा हलकेच म्हणाले, "काय कराय निघालास?"

"त्यांचं कोडं फोडायला."

"त्यांचं?" अप्पा म्हणाले. पण मी तोवर रांगेबाहेर पडलो होतो.

व्यासपीठावर सबनिसांनी माझे हसून स्वागत केले. "या, घैसास मास्तर! शाळेतले निबंध तपासून झाले वाटतं?"

"एकच राहिला होता," मी म्हणालो, "दुसऱ्याच्या वहीतून उतरवलेला."

त्यांना अर्थ कळला. त्यांच्या पापण्या एकदाच फडफडल्या. हसू मात्र जागचे हलले नाही. मी मध्यावरचा घोडा काढून नव्या घरावर टांगला.

"शह. वकीलसाहेब, राजा हलवा."

"कोपऱ्यात," सबनीस म्हणाले.

"दुसरीकडे जाणार कुठे? त्याच्याच माणसांनी कोंडलाय." सभागृहात हशा झाला. मी वजीर उचलला आणि प्यादे खाली काढून ठेवले. "पुन्हा शह."

सबनीस पटाकडे पाहत राहिले. "वजीर? फुकट?"

"घ्या. फुकटचं घ्यायची सवय आहेच तुम्हाला."

या वेळी हशा मोठा झाला. मागच्या बाकावरून कोणी तरी ओरडले, "घ्या साहेब, लाजताय कशाला!" त्यांनी वजीर काढला. मी हत्ती तिसऱ्या ओळीतून सरळ कडेला नेऊन टांगला.

"शह आणि मात. मोजा, मंडळी. एक, दोन, तीन. देवाच्या प्रसादात पाच होत्या ना? उरलेल्या दोन कुठं गेल्या?"

ओगले खुर्चीवरून उठले, पटाजवळ आले आणि बोटाने एकेक घर तपासून म्हणाले, "मात आहे."

टाळ्या बऱ्याच वेळ चालल्या. ते सुख मी नाकारणार नाही.

"मोहरी टांगताना काही चूक झाली असावी," सबनीस चिटणिसांकडे वळून म्हणाले. "नलवडे, पट कोणी लावला?"

"पट बरोबर आहे," मी म्हणालो. "चूक अशी, की ज्यांचं नाव वर आहे त्यांना आपण काय चोरलं हेच ठाऊक नाही. हे प्यादेमातीचं कोडं आहे, आणि ते तिसऱ्या रांगेत बसलेल्या भैरूअप्पा दोडमिशांचं आहे."

साऱ्या माना तिसऱ्या रांगेकडे वळल्या. सबनीस मात्र सावरले. न्यायालयात मुरलेला माणूस पुराव्याच्या प्रदेशात आला, की त्याला धीर येतो.

"मास्तर, आरोप गंभीर आहे. पुरावा?"

"स्मरणिका उद्या छपाईला जायची आहे. म्हणजे हस्तलिखित अजून चिटणिसांकडेच असणार. ते आणा. त्यावर अक्षर कोणाचं आहे ते सगळ्यांना दिसू द्या."

"त्याची काही गरज नाही," सबनीस जरा घाईने म्हणाले.

"आणा," ओगले म्हणाले.

चिटणीस नलवडे यांनी कपाटातून फाईल आणली. ओगल्यांनी त्यातला कागद काढून उजेडात धरला. ते माझे अक्षर होते. बोरूने वळवलेले, मोजून-मापून लिहिलेले. शाळेच्या फळ्यावर ते अर्ध्या गावाने पाहिले होते. माथ्यावर, निराळ्या हिरव्या शाईत, वकिलांच्या तिरप्या अक्षरात, वकिलांचे नाव होते.

"हे कोणी लिहिलं?"

"मी," मी म्हणालो. "माथ्यावरचं नाव सोडून सगळं."

"सबनीस?"

सबनिसांनी चष्मा काढून पुसायला घेतला. "माझ्याकडे पुष्कळ कागद येतात. कुठं तरी सरमिसळ झाली असेल."

"पहाटेच्या पूजेत?" मी विचारले. मागून पुन्हा कोणी तरी हसले. वकील खाली पाहू लागले. आणि मी, खरे सांगतो, त्या माणसाला जमिनीवर पडलेले पाहून थांबायला हवे होते तेथे थांबलो नाही. "परीक्षकमहाशय, आता निकाल द्या. कोडं अप्पांचं. आणि प्यादेमातीची अट घालून वाचलं तर ते निर्दोष आहे. माझी तीन खेळींची मात हत्तीची आहे. ती मोजायची नाही."

ओगले कागदावरून नजर न काढता म्हणाले, "अट कुठे आहे?"

"कसली?"

"प्यादेमातीची. इथे लिहिलंय, 'पांढऱ्याने खेळून पाचव्या खेळीत मात.' अक्षर तुमचंच म्हणालात."

मी कागद हातात घेतला. एकदा वाचला, पुन्हा वाचला. त्या कागदावर एक काना वाकडा नव्हता, एक अनुस्वार सुटला नव्हता. अट नव्हती. सबनिसांनी काहीही गाळले नव्हते. त्यांनी माझे अक्षर जसेच्या तसे पट्टीवर उतरवले होते.

"आमच्याकडे मात म्हणजे प्यादेमातच," मी म्हणालो. "ते लिहावं लागत नाही. ते गृहीत असतं."

"कोणाकडे?"

"अप्पांच्या मागाशेजारी" हे उत्तर जिभेवर आले आणि मी ते गिळले.

"गृहीत असतं ते तुमच्यात," ओगले म्हणाले. "कागदावर नाही."

"मग आता घाला. एक शब्द आहे."

"घातला असता. हा पट पाहिल्याबरोबर तुम्ही माझ्याकडे आला असतात, कोडं कोणाचं आणि अट काय ते सांगितलं असतंत, तर सुरू करण्यापूर्वी मी नाव बदललं असतं, अट जाहीर केली असती आणि उद्या ते छपाईलाही गेलं असतं. आता दीडशे माणसांसमोर तुम्हीच ते तीन खेळींत फोडलंत. फुटल्यावर अट लावून सांधलेलं कोडं मी मान्य करत नाही. आज तुमच्यासाठी केलं, तर उद्या सबनिसांसाठीही करावं लागेल."

मी वाद घातला. अर्धा तास घातला. प्रघात म्हणजे अलिखित नियमच, असे म्हणालो. रचनाकाराचा हेतू हा शब्दांपेक्षा श्रेष्ठ, असे म्हणालो. जुन्या खेळाडूंची नावे घेतली, टेबलावर मूठ आपटली. ओगले प्रत्येक मुद्दा ऐकत आणि प्रत्येक वेळी त्या कागदावर बोट ठेवत. मला त्यांचा संताप आला, कारण त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच केले असते.

तेवढ्यात अप्पा वर आले. नलवड्यांनी त्यांना हात दिला होता. ते पटाच्या इतके जवळ गेले, की त्यांचे नाक मोहऱ्यांना लागले असते. घोडा कोठे आहे ते त्यांनी बोटांनी चाचपले. मग हत्ती. मग कोपऱ्यालगतचा राजा. त्यांचे ओठ हलत होते. मी आत्ता जे मोजले होते, ते सारे ते मोजत होते.

"बराबर हाय," शेवटी ते म्हणाले. "तीनच. म्या हिकडं कदी बघितलंच न्हाई."

"दोडमिसे," ओगल्यांनी विचारले, आणि त्यांचा आवाज प्रथमच थोडा मऊ झाला, "कोडं तुमचं आहे हे सिद्ध झालं. पण नोंद करायची तर 'सदोष' म्हणून करावी लागेल, आणि स्मरणिकेत ते घेता येणार नाही. तुमची इच्छा नसेल तर तुमचं नाव लिहीत नाही. नुसतं 'बाद' लिहितो."

"अप्पा, नको म्हणा," मी म्हणालो.

अप्पांनी माझ्याकडे मान वळवली नाही. "माझंच हाय. लिवा."

नलवड्यांनी इतिवृत्ताच्या वहीत लिहिले, आणि नियमाप्रमाणे मोठ्याने वाचून दाखवले : "रचनाकार, भैरू सिद्धू दोडमिसे. कोडे सदोष. तीन खेळींत मात. दोष दाखवणार, पद्माकर घैसास." मंडळाच्या पंचवीस वर्षांच्या कागदपत्रांत अप्पांचे नाव तेवढ्या एका ओळीत आहे. मी नंतर सगळ्या वह्या पाहिल्या. सबनीस पुढे नऊ वर्षे अध्यक्ष होते.

आम्ही बाहेर आलो तेव्हा पायऱ्यांवर अजून चांगले ऊन होते. अप्पांचा हात माझ्या खांद्यावर होता, कारण पायऱ्या त्यांना दिसत नव्हत्या. मी बोलत होतो. सबनीस चोर आहे, ओगले शब्दांचा गुलाम आहे, मंडळ सडलेले आहे, मी वर्तमानपत्रात लिहीन, जिल्ह्याला तक्रार करीन, त्या माणसाला गावात तोंड दाखवू देणार नाही. शेवटच्या पायरीवर अप्पा थांबले, म्हणून मीही थांबलो.

"चोर आहे तो, अप्पा! भर सभेत सिद्ध झालं. चोर आहे की नाही, तुम्हीच सांगा!"

अप्पांनी माझ्या खांद्यावरचा हात काढला आणि पायाने पुढची जमीन चाचपली.

"चोर त्यो हायच," ते म्हणाले. "पर कोडं तू मोडलंस."